पंचवीस फेऱ्या आणि एक सेकंद

या आठवड्याच्या टपालात घोटीचं एक पत्र होतं. आठवीतल्या मुलाचं. अक्षर गिचमीड, पण मजकूर पक्का. त्याला बास्केटबॉल फार आवडतो. शाळेच्या मागं एकच रिंग आहे आणि तीही दर पावसाळ्यात गंजते. (घोटी-इगतपुरीकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्याला रिंग का गंजते हे सांगायला नको.) त्याची मागणी अशी की स्पेनच्या पाउ गासोलवर लिहा. आणि शेवटी एक प्रश्न टाकलाय : आमच्या भागातून असा कुणी खेळाडू का होत नाही? त्याखाली वेगळ्या शाईत वडिलांच्या दोन ओळी. लिहा खुशाल, पण खेळून पोट भरतं का तेही एकदा लिहा, म्हणतात.

म्हणजे मागणी एक आणि प्रश्न दोन. मागणीपासून सुरुवात करू.

पाउ गासोल १९८० साली बार्सिलोनात जन्मला. आई डॉक्टर, वडील नर्सचं काम करणारे. घरात दवाखान्याच्या गप्पा असायच्या. १९९१ मध्ये मॅजिक जॉन्सन या अमेरिकेच्या बड्या बास्केटबॉलपटूनं आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा अकरा वर्षांच्या पाउनं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. आणि नुसतं ठरवलं नाही, पुढं त्यानं वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशही घेतला. पण तोपर्यंत तो बार्सिलोनाच्या मोठ्या क्लबात खेळू लागला होता, आणि उंची? दोन मीटर आणि वर तेरा सेंटिमीटर! म्हणजे सात फूट. तुमच्या घराच्या दारातून वाकून यावं लागेल त्याला. अभ्यास आणि खेळ दोन्ही झेपेना तेव्हा त्यानं खेळ निवडला.

२००१ साली तो अमेरिकेत एनबीएत गेला, मेम्फिसच्या संघात. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा मान मिळवला. २००६ साली जपानमध्ये स्पेन जगज्जेता झाला, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच होता. २००८ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे आला, आणि यात एक गंमत आहे. या अदलाबदलीत लेकर्सनं मेम्फिसला जे दिलं, त्यात त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा, मार्कचा, हक्कही होता. थोरला इकडं, धाकटा तिकडं! लेकर्सबरोबर पाउनं २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवली. ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदकं, एक कांस्यपदक. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला, आणि २०२३ मध्ये लेकर्सनं त्याचा १६ क्रमांकाचा सदरा कायमचा वर टांगून ठेवला. तो क्रमांक आता त्या संघात दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

झालं. मागणी पुरी झाली. आता पहिला प्रश्न.

आमच्या भागातून असा कुणी का होत नाही, असं विचारलंस ना बाळा? घोटीहून वैतरणेच्या रस्त्यानं निघ. त्र्यंबकेश्वर लागेल. ब्रह्मगिरी मागं टाकून तसाच पुढं गेलास की घाटवळणांचा रस्ता हरसूलला नेतो. त्या हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. गासोलनं दुसरं अजिंक्यपद मिळवलं ना, त्याच २०१० सालात या पाड्यातल्या एका मुलीनं दीड महिन्याच्या आत काय केलं ते आज सांगतो. तिचं नाव कविता राऊत.

कविताचा जन्म ५ मे १९८५ चा. वडील रामदास राऊत वनखात्यात नोकरीला. त्या भागात डोंगर, नागली-वरई, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ. तिथल्या पोरींना चालायला शिकवावं लागत नाही. पाण्याला चालत जायचं, सरपणाला चालत जायचं, शाळेलाही चालतच. ती शाळेच्या स्पर्धांत पळू लागली तेव्हा पायात काही नव्हतं. पुढं मोठी झाल्यावर तिनं सांगितलं आहे की धावणं निवडलं कारण त्याला काही सामान लागत नाही, अनवाणीसुद्धा पळता येतं.

हे वाक्य पुष्कळ ठिकाणी छापून आलं आणि लोकांना फार आवडलं. अनवाणी पळाली आणि जिंकली! ऐकायला छान वाटतं. पण मला ही गोष्ट अशी सांगायला आवडत नाही, आणि का ते ऐका. ती अनवाणी पळाली म्हणून जिंकली नाही. अनवाणी पळणाऱ्या पोरी त्या पट्ट्यात घरटी सापडतील. त्यातली एक पुढं गेली, कारण तिला बूट मिळाले, नाशिकचं मैदान मिळालं आणि घड्याळ हातात धरून उभा राहणारा माणूस मिळाला.

त्या माणसाचं नाव विजेंदर सिंग. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पहाटे त्यांचं शिक्षण चाले. कविताच्या पाठोपाठ नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून पोरी त्यांच्याकडं येत राहिल्या. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव, दिंडोरीकडची मोनिका आथरे. संजीवनीनं २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. त्याच वर्षी मोनिका लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एकाच जिल्ह्यातून, एकाच मैदानावरून! योगायोग एकदा होतो. तीनदा झाला की त्यामागं कुणीतरी रोज पहाटे उठत असतं, हे ओळखावं.

बरं, शिक्षण म्हणजे काय करायचं? तुम्ही म्हणाल, पळायला काय शिकवायचं, ते तर वासरालाही येतं! शंभर मीटर पळणं वेगळं आणि दहा हजार मीटर पळणं वेगळं, एवढंच आधी समजून घ्या. शंभर मीटरमध्ये शरीर साठवणीतली ताकद एका दमात उधळून टाकतं. लांब पळताना मात्र स्नायूंना सारखा प्राणवायू लागतो. तो फुप्फुसांनी घ्यायचा, रक्तानं वाहायचा, हृदयानं ढकलायचा. ही सगळी गिरणी चालू ठेवायची तर तिला सवय लावावी लागते. भाताच्या गिरणीसारखंच आहे. एकदम सगळं पोतं ओतलं की गिरणी बसते, धार सारखी ठेवली की दिवसभर चालते. म्हणून लांब पल्ल्याचे धावपटू आठवड्याला शंभर-शंभर किलोमीटर आणि त्याहूनही जास्त पळतात. काही दिवस लांब आणि संथ, काही दिवस थोडं पण कडक : चारशे मीटर जोरात, जरा दम खायचा, पुन्हा चारशे जोरात. हे वर्षानुवर्षं. एक वर्ष करून काही होत नाही.

आणि एक अडचण. केनिया आणि इथिओपियाचे धावपटू या शर्यतींत जगाला मागं टाकतात ते उंचावर राहतात म्हणूनही. केनियातलं इतेन हे धावपटूंचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. तिथं हवा विरळ असते. शरीराला थोड्या प्राणवायूत भागवायची सवय लागते आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. आपलं काय? इगतपुरी सहाशे मीटर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या देवळाच्याही वर आणखी साडेसातशे मीटर चढलात तर इतेनची शाळा लागेल! म्हणून आपल्या राष्ट्रीय संघातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना सरावाला उटीसारख्या उंच ठिकाणी नेतात. २०१० च्या स्पर्धांआधी या संघाला बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव शिकवत होते. फार कडक माणूस, अशी त्यांची ख्याती. २०२१ साली भारतातच, पतियाळाच्या क्रीडा संस्थेत काम करताना त्यांचं निधन झालं.

आता या २०१० सालाकडं येऊ.

ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ८ तारखेला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर महिलांची दहा हजार मीटर शर्यत. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पंचवीस फेऱ्या. पंचवीस फेऱ्यांची शर्यत बघायला धीर लागतो बरं का. पहिल्या पंधरा फेऱ्यांत लोक शेंगदाणे खातात, गप्पा मारतात. पण ज्याला कळतं तो त्याच वेळी घड्याळ बघत असतो, कारण शर्यत तिथंच ठरत असते. कोण मागं पडलं, कुणाचे खांदे वर आले, कोण तोंड वासून श्वास घेतंय.

केनियाच्या दोघी पुढं निघाल्या. ग्रेस मोमान्यी ३२ मिनिटे ३४.११ सेकंदांत पहिली, डोरिस चांगेय्वो दुसरी. आणि तिसरी? सावरपाड्याची कविता राऊत. ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. कांस्यपदक.

तिसरी आली, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. राष्ट्रकुल स्पर्धांत धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय स्त्रीला मिळालेलं हे पहिलं पदक. आणि पुरुष धरले तर? १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंगनं ४४० यार्डांत सुवर्णपदक जिंकलं होतं, त्यानंतर थेट हेच. मध्ये बावन्न वर्षं गेली. मिल्खा सिंग पळाला तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशीपासून तिचं नाव पडलं ‘सावरपाडा एक्सप्रेस’, असं समजू नका. ते नाव आधीपासूनच होतं. त्या दिवसानंतर ते देशभर झालं, एवढंच.

पण माझ्या मते खरी गोष्ट दिल्लीची नाहीच. ती त्यानंतर चव्वेचाळीस दिवसांनी घडली.

२१ नोव्हेंबर २०१०, चीनमधलं ग्वांगझू शहर. आशियाई स्पर्धा. तीच शर्यत, तेवढ्याच पंचवीस फेऱ्या. या वेळी भारताच्या दोघी होत्या. एक कविता आणि दुसरी प्रीजा श्रीधरन, केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली, रेल्वेत नोकरी करणारी. तीही डोंगरातलीच आणि तिचंही लहानपण ओढाताणीचं. या दोघी एकत्र सराव करायच्या आणि एकमेकींविरुद्धच पळायच्या. तिसरी होती बहारीनकडून धावणारी शिताये एशेते, जन्मानं इथिओपियाची. म्हणजे उंचावरच्या शाळेत शिकलेली.

शेवटची घंटा वाजली तेव्हा कुणालाच काही नक्की सांगता आलं नसतं. निकाल असा लागला :

प्रीजा ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद. नवा राष्ट्रीय विक्रम. सुवर्ण.
कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद. रौप्य.
एशेते ३१ मिनिटे ५३.२७ सेकंद. कांस्य.

पेन्सिल घ्या. ५१.४४ मधून ५०.४७ वजा करा. उरले ०.९७. एक सेकंदही नाही! दहा किलोमीटर पळून झाल्यावर सोनं आणि चांदी यांच्यात उरलं काय, तर पाच-सहा मीटर. तुमच्या वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत असतं ना, जवळजवळ तेवढं.

आता दुसरी वजाबाकी करा, ती मला जास्त आवडते. दिल्लीची वेळ ३३ मिनिटे ५.२८. ग्वांगझूची ३१ मिनिटे ५१.४४. फरक एक मिनिट आणि जवळजवळ चौदा सेकंदांचा. असं समजा की दिल्लीची कविता आणि ग्वांगझूची कविता एकाच मैदानावर एकाच वेळी सुटल्या. ग्वांगझूच्या कवितानं रेषा ओलांडली तेव्हा दिल्लीची कविता सुमारे ३७० मीटर मागं असती. अख्ख्या फेरीला थोडं कमी! दर फेरीमागं जवळजवळ तीन सेकंदांनी ती जास्त वेगात पळाली. आणि ही तीच मुलगी, तेच पाय, मध्ये फक्त दीड महिना.

दीड महिन्यात माणूस एवढा बदलतो का? नाही. तयारी दिल्लीच्या आधीच झालेली होती. शर्यतीत आपण किती वेगात पळतो हे बरंचसं बाजूला कोण पळतंय यावर ठरतं. सगळ्याजणी एकमेकींवर डोळा ठेवून दबून पळाल्या तर शर्यत संथ होते, कुणी एक सुटली की बाकीच्यांना सुटावं लागतं. ग्वांगझूला प्रीजा बाजूला होती. बरोबरीची मैत्रीण शेजारी असणं आणि तीच आपल्याला हरवणार असणं, हे दोन्ही एकदम. मला वाटतं, प्रीजा नसती तर कविताचं पदक कदाचित सोन्याचं असतं, पण ती ३१ मिनिटे ५१ सेकंदांत पळाली असती की नाही याची मला शंका आहे.

त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरलाही दोघी उतरल्या. तिथं तर कमालच झाली. बहारीनची मिमी बेलेते १५ मिनिटे १५.५९ सेकंद, प्रीजा १५ मिनिटे १५.८९, कविता १५ मिनिटे १६.५४. तिघी मिळून एका सेकंदात! सुवर्ण, रौप्य, कांस्य, सगळं एका सेकंदाच्या डबीत. शाळेच्या घड्याळाचा काटा एकदा टकटक करतो तेवढ्यात.

इथं मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, आणि मुलग्यांनीही वाचायला हरकत नाही. कविता जन्मली तेव्हा महिलांची दहा हजार मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. का नव्हती? बायकांना एवढं झेपणार नाही, असं मोठमोठ्या लोकांना वाटे म्हणून. १९२८ साली ॲमस्टरडॅमला बायका ८०० मीटर पळाल्या, तर त्या दमलेल्या दिसल्या यावर एवढा गहजब झाला की पुढं १९६० पर्यंत ती शर्यतच बंद ठेवली. शर्यतीनंतर पुरुष दमत नाहीत की काय! महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली, दहा हजार मीटर १९८८ साली. कविता तेव्हा तीन वर्षांची होती. ज्या काळात जगातले शहाणेसुरते बायकांच्या दमाबद्दल वाद घालत होते, त्या काळातही सावरपाड्याच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढत होत्याच.

आता वडिलांचा प्रश्न. खेळून पोट भरतं का?

कवितापुरतं उत्तर सोपं आहे. तिला ओएनजीसी या तेल कंपनीत नोकरी मिळाली. २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पण काका, तुमचा प्रश्न कविताबद्दल नाहीच, तुमच्या मुलाबद्दल आहे, हे मला कळतं. पदक मिळवणारी एक असते आणि तिच्यामागं न मिळवणाऱ्या हजार. त्या हजारांचं काय होतं? बहुतेकांचं पळणं दहावीला सुटतं. काही पोलीस भरतीच्या मैदानावर दिसतात. तिथं मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, त्याचे गुण मिळतात. महामार्गाच्या कडेला पहाटे अंधारात पळणारी पोरं तुम्ही घोटीतही बघितली असतील. ती बरीचशी भरतीचीच असतात. काही सैन्यात जातात. तर खेळावर पोट भरतंच असं मी लिहून देणार नाही. आठवीतल्या मुलानं खेळावं की नाही हा प्रश्न मात्र पोटाचा नाही. तो संध्याकाळी पाच ते सात या वेळेचा आहे, आणि तेवढी वेळ त्याला द्या, असं मी तुमच्याकडं मागतो. अभ्यासाचं मी त्याच्याकडून बघतो.

नोकरीचा विषय निघालाच आहे तर आपल्याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जाणारा. सैन्यात भरती झाला, तिथं त्याची उंची आणि खांदे बघून त्याला होडीत बसवलं. दुष्काळी भागातला मुलगा, पाण्याची भीती वाटायची, आणि खेळ कुठला तर वल्हवण्याचा! २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक घेऊन आला. त्याच्यावर एकदा स्वतंत्र लिहीन.

रिओचं नाव आलं. तिथं कविताही होती. पण कशी पोचली ते बघा.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकला तिला जाता आलं नाही. धावपटूचं वय वाढतं तसा लहान पल्ल्यांचा वेग कमी होतो, पण दम टिकतो. म्हणून ट्रॅकवरचे पुष्कळ धावपटू पुढं मॅरेथॉनकडं वळतात. अर्ध्या मॅरेथॉनला, म्हणजे २१ किलोमीटरला, तिची १ तास १२ मिनिटे ५० सेकंद अशी उत्तम वेळ आधीच होती. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. इगतपुरीहून महामार्गानं नाशिककडं पळत सुटलात तर ती संपेपर्यंत शहराच्या वेशीजवळ पोचाल. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत कवितानं ती २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत पुरी केली. सुवर्णपदक मिळालं आणि ऑलिंपिकची २ तास ४५ मिनिटांची अटही पार झाली. एकतिसाव्या वर्षी पहिलं ऑलिंपिक!

१४ ऑगस्ट २०१६, रिओ. ऊन होतं. कविता १२० वी आली. वेळ २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद. गुवाहाटीपेक्षा जवळजवळ एकवीस मिनिटं जास्त.

या आकड्याचं काय करायचं? तेव्हा काही लोकांनी नाकं मुरडली होती. गेली कशाला, म्हणाले. मला त्यांचा राग येत नाही, त्यांनी कधी ऊन्हात बेचाळीस किलोमीटर पळून पाहिलेलं नसतं. त्या दिवशी तिचं शरीर चाललं नाही. असं होतं. गुवाहाटीला चाललं होतं, रिओला नाही. वेळ वाईट होती हे खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही. पण ती वाईट वेळसुद्धा दर किलोमीटरला सव्वाचार मिनिटांची आहे. आणि पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढं, जेव्हा कळतं की आज काही खरं नाही, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसता येतं. पुष्कळजणी बसतात, आणि त्यात लाज नाही. ती बसली नाही. रेषेपर्यंत गेली.

त्याच ऑलिंपिकमध्ये, शेवटच्या दिवशी, आपला पाउ गासोलही होता. छत्तीस वर्षांचा. कांस्यपदकासाठी स्पेनचा सामना ऑस्ट्रेलियाशी. स्पेन ८९, ऑस्ट्रेलिया ८८. एका गुणानं! गासोलचे एकट्याचे ३१ गुण. पत्र लिहिणाऱ्या मित्रा, तुला हा सामना पुन्हा बघायला मिळाला तर जरूर बघ.

तुझी एक शंका पत्रात दिसली नाही, पण ती असणार. तुझी उंची. घोटीतल्या मुलाला सात फूट व्हायचं म्हटलं तर व्हायचं कसं? नाही होता येत. ते आईवडिलांकडून यायचं असतं. पण गासोल नुसता उंच नव्हता. उंच पुष्कळ असतात. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईनं चेंडू टाकणारे आणि एवढे उंच असूनही नेमका पास देणारे थोडे. ती सफाई गंजक्या रिंगेवरही करता येते, म्हणजे डाव्या हातानं. रोज पन्नास टाक. रिंगेला एक हात रंग मात्र मार, सरांना विचारून.

आणि आता सगळ्यांसाठी एक काम, नेहमीप्रमाणं.

ग्वांगझूला कवितानं पंचवीस फेऱ्या घेतल्या, त्यातली प्रत्येक फेरी सरासरी साडेशहात्तर सेकंदांची. तुमच्या शाळेचं मैदान सुतळीनं मोजा. २०० मीटरची फेरी आखता आली तर उत्तम, मग एका फेरीला सव्वाअडतीस सेकंद. चुन्यानं रेषा मारा. पोटभर जेवून पळू नका, आधी दहा मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा, पाणी जवळ ठेवा. मग दोन फेऱ्या साडेशहात्तर सेकंदांत जमतात का बघा. तुमच्यातल्या धट्ट्याकट्ट्यांना जमेल. जमलं की लगेच, न थांबता, तिसरी आणि चौथी त्याच वेगात घ्यायचा प्रयत्न करा. कितव्या फेरीला वेग सुटला ते लिहून ठेवा. कविताच्या हिशेबानं अशा पन्नास होतात.

कुणाला दम्याचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर त्यानं पळायचं नाही, घड्याळ धरायचं. ते कामही सोपं नसतं.

वेळा पत्रानं कळवा. शाळेचं नाव, इयत्ता आणि फेरी किती मीटरची होती ते लिहा, नाहीतर हिशेब लागत नाही. मुलींच्या वेळा वेगळ्या कागदावर नकोत, एकाच यादीत लिहा.